टीएसएच वाढलेले असताना थायरॉइड ‘कमी’ कसे?

मानेवाडाकर (प्रश्न)

माझ्या आईचे वय ६१ वर्षे आहे. एप्रिलच्या अखेरीस आम्ही सगळे कूलरच्या थेट वाऱ्यात बसण्यासाठी जागेवरून भांडत असताना ती मात्र अंगावर शाल घेऊन पलीकडच्या खोलीत बसू लागली, तेव्हा प्रथम आमच्या लक्षात आले की काहीतरी बिनसले आहे. थकवा आणि पायांचा जडपणा तिला आधीपासूनच होता. पण नागपूरच्या उन्हाळ्यात शाल, हे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. रक्ततपासणीत टीएसएच १४.२ आले आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असे छापलेले होते. फ्री टी-४ हे ०.७, म्हणजे दिलेल्या मर्यादेच्या थोडे खाली होते. डॉक्टरांनी ‘थायरॉइड कमी आहे’ असे सांगून रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली.

अहवालात ‘जास्त’ आणि डॉक्टरांच्या तोंडी ‘कमी’, याचा मेळ मला लागलेला नाही. त्यातच आम्ही न राहवून पंधरा दिवसांनी स्वतःहून पुन्हा तपासणी केली, तर टीएसएच ९.६ आले. शेजारच्या काकूंना १०० ची गोळी आहे, त्यामुळे ‘तुमचा डोस कमी पडतो आहे, तो वाढवून घ्या आणि मिठाचे प्रमाणही वाढवा’ असा त्यांचा आग्रह आहे. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मला केवळ यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे.

शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक, रामदासपेठ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कूलरच्या टाकीतच आहे. टाकीत एक पोकळ बॉल तरंगत असतो. पाणी खाली गेले की तो खाली येतो आणि त्याच्या दांडीला जोडलेली झडप उघडते, पाणी वर आले की झडप बंद होते. आता नागपूरच्या पाण्यातील क्षार साचून मागची नळी चोंदली आहे, असे समजा. टाकी रिकामी होत जाईल, बॉल तळाला टेकेल, झडप पूर्ण उघडी राहील आणि तरीही पाणी येणार नाही. अशा वेळी कोणी केवळ झडप किती उघडी आहे एवढेच मोजले, तर आकडा जास्तच येणार. टीएसएच हा झडपेचा आकडा आहे, पाण्याचा नव्हे.

टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खळग्यात बसलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते आणि रक्तातून गळ्यातील थायरॉइडपर्यंत पोहोचून तिला ‘काम कर’ असे सांगते. थायरॉइड रक्तातील आयोडीन ओढून घेऊन मुख्यतः टी-४ बनवते. त्यातील ४ हा आकडा आयोडीनच्या चार अणूंचा आहे. निरनिराळ्या ऊतींमध्ये त्यांतील एक अणू काढून टाकला जातो, टी-३ तयार होते, आणि पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुके किती चालवायची हे प्रामुख्याने तेच ठरवते. पेशी किती प्राणवायू वापरणार आणि किती उष्णता निर्माण करणार, हे त्यावर अवलंबून असल्यामुळे आपल्या आईंना एप्रिलमध्ये शाल लागली.

पीयूषिका रक्तातील याच संप्रेरकांवर लक्ष ठेवून असते आणि त्यांचे प्रमाण पुरेसे वाटले की आपला आदेश सौम्य करते. तिच्याही वर मेंदूतील अधश्चेतक आहे, तो तिला टीआरएच हे संप्रेरक पाठवून जागे ठेवतो. थायरॉइड आजारी पडली की टी-४ किंचित घसरते आणि पीयूषिका आवाज चढवते. ती या बाबतीत फार हळवी आहे: टी-४ मधील लहानशा घसरणीला ती टीएसएच कित्येक पटींनी वाढवून उत्तर देते. म्हणूनच टी-४ अजून मर्यादेत असतानाही टीएसएच वर गेलेले दिसू शकते, आणि म्हणूनच डॉक्टर सामान्यतः पहिली तपासणी टीएसएचची करतात.

आता पंधरा दिवसांच्या तपासणीविषयी. टी-४ रक्तात फार काळ टिकते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण ७ दिवस लागतात. याचा उलटा अर्थ असा की, रोज तेवढीच गोळी घेत राहिल्यास पहिल्या आठवड्यात नव्या पातळीकडचा निम्मा प्रवास होतो, दुसऱ्या आठवड्याअखेर पाऊण आणि पाचव्या आठवड्याअखेर जवळजवळ पूर्ण. पीयूषिका तर त्याच्याही मागून सावकाश शांत होते. म्हणून डोस बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करण्याची पद्धत आहे. १४.२ वरून ९.६ हा अर्ध्या वाटेवरचा आकडा आहे. त्यावरून डोस वाढवला तर दोन महिन्यांनी तो जास्त झालेला आढळण्याचा धोका असतो, आणि या वयात जास्त थायरॉइडचा त्रास हृदयाच्या ठोक्यांना व हाडांना होतो. काकूंचा डोस काकूंचे वजन, वय आणि त्यांची ग्रंथी किती शिल्लक आहे यांवर ठरलेला असणार. तो शेजारधर्माने वाटून घेण्याची वस्तू नव्हे.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, महाल

वरील उपमा मला आवडली, परंतु तिच्यात एक उणीव आहे. कूलरमधील बॉल आणि झडप एकाच दांडीने जोडलेले असतात. शरीरात मात्र आदेश देणारी ग्रंथी कवटीत आणि आदेश पाळणारी गळ्यात आहे, आणि दोघींमध्ये निरोप ने-आण करणारे केवळ रक्त आहे. ही गोष्ट उशिराच कळली. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे चेतातंतू कापून टाकले आणि त्या भागात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडाने पाचक रस सोडला. चेतातंतूच नसल्यामुळे निरोप रक्तातूनच गेला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्या द्रव्याला सिक्रेटिन हे नाव दिले. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. त्याच्या मुळाशी चेतवणे, हालचालीस प्रवृत्त करणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्द तोच अर्थ नेमका पकडतो. (आपल्या पाठ्यपुस्तकात थायमसला ‘यौवनलोपी’ म्हटले आहे. मुले त्या शब्दाला हसत असत, पण वयात आल्यावर आक्रसत जाणारी ग्रंथी हा अर्थ त्यांना पुन्हा कधी समजावून सांगावा लागला नाही.)

रक्तातून जाणारा निरोप सर्व पेशींच्या दारावरून जातो, परंतु ज्या पेशीकडे त्यासाठीचा ग्राही, म्हणजे तो निरोप पकडणारा रेणू, असतो तीच तो ऐकते. त्याचा वेगही सर्व ठिकाणी सारखा नसतो. नवतपाच्या दिवसांत आपण दुपारी बर्डीवर जाऊन घामाघूम होऊन परतलो की रक्त किंचित दाट होते. हा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी अधश्चेतकाला तो जाणवतो, पीयूषिकेच्या मागील भागातून व्हॅसोप्रेसिन सुटते आणि मूत्रपिंडे पाणी परत ओढू लागतात. त्या दिवशी लघवी कमी आणि गडद पिवळी होते, ती त्यामुळेच. दोन-तीन ग्लास पाणी प्याल्यावर हे संप्रेरक काही मिनिटांत ओसरते. इन्सुलिनचेही असेच आहे. टी-४ मात्र ९९.९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात रक्तातील प्रथिनांना चिकटलेले असते आणि त्यामुळे सावकाश खर्च होते. अहवालातील ‘फ्री’ हा शब्द उरलेल्या, न चिकटलेल्या नगण्य भागासाठी आहे, आणि परिणाम घडवतो तो तेवढाच भाग.

मिठाविषयी इतकेच सांगते की आयोडीनचे महत्त्व खरे आहे. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसून आले आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु ते उत्तर आयोडीनच्या अभावाचे होते. घरात आयोडीनयुक्त मीठ येत असेल, तर ते चिमूटभर जास्त घातल्याने आजारी ग्रंथी बरी होत नाही. रक्तदाब मात्र वाढेल.

रक्ततपासणी केंद्रातील तंत्रज्ञ

दोन गोष्टी जोडतो. झडपेच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर झडप स्वतः शाबूत असली पाहिजे. पीयूषिकेलाच इजा झालेली असेल, उदाहरणार्थ प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यामुळे, तर टी-४ घसरलेले असूनही टीएसएच कमी किंवा अगदी ‘नॉर्मल’ दिसते, आणि केवळ टीएसएच पाहणारा फसतो. आपल्या आईंच्या अहवालात एक खाली आणि दुसरे वर आहे, म्हणजे पीयूषिका आपले काम चोख करते आहे.

दुसरे असे की टीएसएच दिवसभर सारखे नसते. ते रात्री चढते आणि दुपारी उतरते. म्हणून पुढील तपासणीसाठी पहिल्या वेळेइतक्याच वाजता, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यांच्यामुळे आकडे चुकीचे येतात.

मानेवाडाकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आईला विचारल्यावर असे कळले की ती थायरॉइडची गोळी सकाळच्या दूध घातलेल्या चहासोबत घेते आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात घेते. डब्यात दोन्ही पाकिटे तिने रबर लावून एकत्र बांधून ठेवली आहेत. याने काही फरक पडतो का? आणि ही गोळी पुढे कधी बंद होईल का?

शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक, रामदासपेठ

निश्चितच फरक पडतो. कॅल्शियम आणि लोह आतड्यातच या औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे शोषले जात नाही. गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत घ्यावी, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने आणि कॅल्शियम किमान चार तासांनी. ते रात्रीच्या जेवणानंतर ठेवणे सोयीचे पडेल. हा बदल डॉक्टरांना जरूर सांगा, कारण तीच ५० ची गोळी आता जास्त शोषली जाईल आणि ६ ते ८ आठवड्यांची मोजणी या बदलाच्या दिवसापासून धरावी लागेल.

बंद होण्याविषयी सांगायचे तर, या वयात नळी चोंदण्याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या आजाराला आहे. अँटी-टीपीओ या तपासणीने त्याचा अंदाज येतो. तसे असल्यास गोळी बहुधा कायमची असते, कारण ती ग्रंथीला दुरुस्त करत नाही, तर ग्रंथीने जे टी-४ बनवायला हवे होते तेच बाहेरून टाकीत ओतते. दोन्ही पाकिटांचे ते रबर मात्र आजच काढा.