अटळ, अपरिहार्य की अनिवार्य?

प्रश्न : एडगर ॲलन पोच्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (१८४२) या कथेवर लिहिताना मृत्यूला यांपैकी कोणतं विशेषण लावावं? तिन्ही समानार्थी धरले तर चालतील का?

उत्तर : ‘अनिवार्य’ टाळा. व्युत्पत्तीने अर्थ ‘ज्याचं निवारण होत नाही’ असा असला, तरी ‘हजेरी अनिवार्य’ वाचून वाचून आता तो शब्द सक्तीचा झालाय. ‘अपरिहार्य’ म्हणजे ज्याला परिहार, म्हणजे उपाय नाही असं. गीतेत (२.२७) तो मृत्यूच्याच संदर्भात येतो, पण तिथला सूर समजावणीचा आहे. पोच्या कथेत सगळी धडपड टाळण्याचीच आहे. ‘रेड डेथ’ नावाच्या जीवघेण्या साथीपासून वाचायला राजपुत्र प्रॉस्पेरो हजार दरबाऱ्यांना घेऊन मठात शिरतो आणि कड्याकोयंडे वितळवून कायमचे बंद करून टाकतो. म्हणून जे टळत नाही ते ‘अटळ’. इथे हाच शब्द हवा.

भर : प्रॉस्पेरोचा मुखवट्यांचा नाच सात रंगांच्या सात दालनांत चालतो. त्यांतल्या शेवटच्या, काळ्या दालनातल्या घड्याळासाठी ‘घटका भरली’ वापरता येईल. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती पाण्यावर तरंगत हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. पोचं घड्याळ तासातासाला ठोके देतं, तेवढ्यापुरतं वाद्यवृंद आणि नाच थांबतात. म्हणजे दर तासाला अडीच घटका मोजल्या जातात. मात्र लग्नात मुहूर्तालाही घटका भरतेच, त्यामुळे वाक्यात ‘आयुष्याची’ जोडा. ‘घडा भरला’ नको. तो पापाचा असतो, आणि ही साथ पापपुण्य बघत नाही.

आणखी एक : दालनांच्या रंगांत हमखास घोटाळा होतो. क्रम असा : निळं, पर्पल, हिरवं, नारिंगी, पांढरं, व्हायोलेट, काळं. पर्पल आणि व्हायोलेट दोन्ही ‘जांभळं’ केलं की सातांतले दोन रंग एक होतात. ‘तानापिहिनिपाजा’तला ‘जा’ व्हायोलेटला ठेवा, दुसऱ्या दालनाला ‘वांगी रंगाचं’ म्हणा. सहा दालनांच्या काचा आपापल्या रंगाच्या आहेत, फक्त काळ्या दालनाच्या रक्तासारख्या लाल. निळं दालन पूर्वेच्या टोकाला, तर घड्याळ पश्चिमेच्या भिंतीशी. जन्म ते मरण हा अर्थ समीक्षकांनी यावरूनच लावलाय. पो स्वतः तसं कुठे सांगत नाही, तेव्हा ‘सात दालनं म्हणजे सात अवस्था’ असं ठाम लिहू नका. खंजीर उपसून प्रॉस्पेरो मात्र याच वाटेने, निळ्यातून काळ्यात धावतो आणि रेड डेथचं सोंग घेऊन नाचात शिरलेल्या, घड्याळाजवळ उभ्या आकृतीसमोर मरून पडतो.