मदत हवी आहे: पोलो जीटी की बलेनो आरएस? रविवारपर्यंत ठरवायचंय (नाशिक)

सागर_१५
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. दोन सेकंडहँड गाड्या बघून ठेवल्यात, एक पोलो जीटी आणि एक बलेनो आरएस. दोन्ही टर्बो, दोन्ही दिसायला स्वच्छ, किंमत जवळपास सारखी. पोलोवाला रविवारच्या पुढे थांबायला तयार नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो. कोणती घेऊ? साध्या गाड्या सुचवू नका, घरात स्विफ्ट आहे. मला चालवताना मजा येईल अशीच गाडी हवी आहे. लवकर सांगा.

गोदाकाठ
कुठली पोलो जीटी? जीटी नावाने दोन वेगळ्या गाड्या होत्या. टीएसआय म्हणजे पेट्रोल, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक. टीडीआय म्हणजे डिझेल मॅन्युअल. गाड्या कुठल्या वर्षाच्या, किती चालल्यात, कितवा मालक, बजेट किती, रोज कुठे चालवणार, हे काहीच लिहिलेलं नाही. कसं सांगणार?

पंचवटीकर
पोलो. विचार करू नका. हायवेला शंभरच्या पुढे जी पकड आहे ती त्या किमतीत दुसरीकडे नाही. दार लावल्यावरच कळतं गाडी काय आहे ते. २०२२ ला उत्पादन थांबलं तेव्हापासून चांगल्या पोलो बाजारात मिळेनाशा झाल्यात. सापडली आहे तर सोडू नका.

सागर_१५
@गोदाकाठ पेट्रोलच हो. टर्बो लिहिलंय ना वर. पोलो २०१६, बलेनो २०१८.

गोदाकाठ
टीडीआयसुद्धा टर्बोच असते, म्हणून विचारलं. किलोमीटर आणि बजेट अजून बाकी आहे.

चाकगती
टीएसआय असेल तर आधी गिअरबॉक्स समजून घ्या. डीक्यू२०० नावाचा ड्राय क्लचवाला डीएसजी आहे तो. दोन क्लच, दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. म्हणून हलका आणि झटपट, पण गर्दीत रांगत राहिलात की तापतो. आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक मेंदू, तो गेला की पाच लाखांच्या गाडीला न परवडणारा खर्च येतो. हा कमकुवतपणा जगभर माहीत आहे. द्वारका सर्कलला संध्याकाळी सहाला उभे राहा, मग ठरवा.

टीएसआय_प्रेमी
@चाकगती पुन्हा तेच. मी डीएसजी चालवतो, नाशिकमध्येच चालवतो, नीट चालतो. सिग्नलला न्यूट्रल करा, संपला विषय. लोक मंचावर वाचून घाबरतात आणि एवढी सुंदर गाडी सोडून देतात, याचं वाईट वाटतं.

चाकगती
न्यूट्रलने फार फरक पडत नाही. ब्रेक दाबून पूर्ण थांबलात की क्लच आपोआप सुटतो. क्लच खातो ते रांगणं. पुढची गाडी फूटभर सरकली की ब्रेक सोडून आपणही फूटभर सरकायचं, आणि चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची, या दोन सवयी घातक. पुढे मोकळी जागा होऊ द्यायची, मग एकदाच निघायचं. आधीच्या मालकाला हे माहीत होतं का, प्रश्न तो आहे. तुमची गाडी तुम्ही जपली असेल. यांना दुसऱ्याची घ्यायची आहे.

टीएसआय_प्रेमी
हे मान्य. पण मग कुठलीच सेकंडहँड गाडी घेऊ नये असं होईल. सर्व्हिस रेकॉर्ड बघायचं असतं ते त्यासाठीच.

नवीकोरी
पाच-सहा लाख जुन्या गाडीत घालण्यापेक्षा तेवढं डाऊन पेमेंट भरून नवीन घ्या. वॉरंटी मिळते, डोकं शांत राहतं. फ्रॉन्क्स टर्बो बघा.

सागर_१५
@नवीकोरी नवीन नको, हप्ता नको आहे. बजेट साडेपाच लाख, ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर सगळं धरून. पोलो ४.९०, ७१ हजार किमी. बलेनो ५.१०, ६२ हजार किमी, पहिला मालक. आता सांगा.

मेधा_इंदिरानगर
पोलोचा कितवा मालक ते राहिलं. आणि गाडी तुम्ही एकटेच चालवणार का? ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलमधला निर्णय त्यावर असतो. टीएसआयला ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय) आहे, आरएसला ईएसपी नाही. पावसाळ्यात कसारा घाट उतरताना ईएसपीची किंमत कळते. मी जोरात चालवत नाही, पण माझ्यासाठी हा पहिला मुद्दा असता. तिकडे उलट आरएसला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, जे या किमतीत सहसा मिळत नाहीत.

घाटवाट
मी आरएस चालवली आहे, मित्राची. आकडे बघितले तर आरएसचं १.० बूस्टरजेट टर्बो इंजिन १०२ पीएस ताकद, १५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ). टीएसआय १०५ पीएस आणि १७५. कागदावर पोलो पुढे. पण आरएसचं वजन ९५० किलो, पोलो तिच्यापेक्षा दीडशेच्या आसपास किलोने जड. सतराशे आरपीएमपासून ओढ सुरू होते आणि गिअर तुमच्या हातात. वणीहून सापुताऱ्याकडे जाताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळण सुटताना गाडी जी उसळी घेते, ती मजा ऑटोमॅटिकमध्ये नाही. सस्पेन्शन साध्या बलेनोपेक्षा कडक आहे. स्टिअरिंग मात्र पोलोइतकं बोलत नाही, हेही खरं.

पंचवटीकर
वणी-सापुतारा रस्ता सध्या कसा आहे? मागच्या पावसाळ्यानंतर गेलो नाही. दिंडोरीपर्यंत ठीक होता.

घाटवाट
वणीपर्यंत चांगला. पुढे तुकड्या-तुकड्याने खराब. शहरातच कुंभमेळ्याच्या कामांनी इतकं खोदून ठेवलंय की बाहेर पडेपर्यंतच सस्पेन्शनची परीक्षा होते.

आरसीवाले_काका
गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग इथे पुन्हा रोड टॅक्स. गुजरात, दमण पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, टॅक्स धरला की महाग पडतात. पेठ रोडला आरटीओत लोक रोज या कारणाने अडकलेले असतात.

सागर_१५
काका, दोन्ही महाराष्ट्र पासिंगच आहेत. बलेनो एमएच १५, पोलो एमएच १२. पोलोचा दुसरा मालक. बँकेचं कर्ज होतं पण फिटलंय म्हणाला.

आरसीवाले_काका
मग माझ्या वरच्या उत्तरातलं राज्याबाहेरचं सोडा, पण हे महत्त्वाचं आहे. कर्ज फिटलं आणि आरसीवरून बोजा उतरला, या दोन वेगळ्या गोष्टी. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन हायपोथिकेशन, म्हणजे हा बोजा, काढावं लागतं. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका, फायनान्सरचं नाव दिसत असेल तर टोकनसुद्धा देऊ नका. बोजा उतरल्यावरच गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. ई-चलनही बघा. आणि इन्शुरन्स गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत स्वतःच्या नावे करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सवलत) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. पाच-सात हजारांचा फरक त्यानेच पडतो आणि लोक तो बजेटमध्ये धरत नाहीत.

वीजगती
पेट्रोल टर्बो घेऊच नका. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. जुनी इलेक्ट्रिक हॅचबॅक बघा, टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो.

टीएसआय_प्रेमी
ई२० चा प्रश्न दोन्ही गाड्यांना सारखाच आहे, मग निवडीत त्याने काय फरक पडला? अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, रबरी पाइप आणि सीलकडे लक्ष ठेवायचं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, पेट्रोल टाकीत शिळं होऊ देऊ नका.

वीजगती
फरक पडतो, कारण जुन्या गाडीत प्रत्येक गोष्टीचा खर्च आपल्या खिशातून असतो.

मेधा_इंदिरानगर
त्यांनी इलेक्ट्रिक विचारलेली नाही. @सागर_१५, रोजचा प्रवास आणि चालवणारे कोण, हे अजून आलं नाही.

सागर_१५
रोज सिन्नर. माळेगाव एमआयडीसीत आहे. इंदिरानगरहून निघतो, नाशिकरोड, शिंदे टोल, मोहदरी घाट. जाताना रस्ता मोकळा, येताना नाशिकरोडपासून द्वारकेपर्यंत मुंगीच्या चालीने. रविवारी कधी त्र्यंबक, कधी समृद्धीने मुंबईकडे. बाबाही चालवतील, त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक बरी वाटत होती. स्विफ्ट ते आता फारशी काढत नाहीत.

मेधा_इंदिरानगर
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. बाबांचा गुडघा ही सगळ्यात मोठी माहिती आहे. ते किती वेळा आणि कुठे चालवतील?

सागर_१५
गंगापूर रोडला आत्याकडे, भाजीला, कधी डॉक्टरकडे. आठवड्यातून एखाद-दोनदा. पण स्विफ्टही राहणारच आहे घरात.

चाकगती
म्हणजे रोज संध्याकाळी नाशिकरोड ते द्वारका रांगणं ठरलेलं. ड्राय क्लचसाठी यापेक्षा वाईट वापर नाही. जुनी गाडी, दुसरा मालक, ७१ हजार. मला भीती वाटते. माझ्याकडे पूर्वी एक ड्युअल क्लच गाडी होती, कंपनीचं नाव इथे घेत नाही. गिअरबॉक्सचा खर्च निघाला तेव्हा घरातलं वातावरण आठवडाभर गढूळ झालं होतं. तुम्ही साडेपाच लाखांत सगळं बसवताय, म्हणजे मागे राखीव काही नाही. डीएसजी घ्यायचीच तर लाखभर बाजूला ठेवून घ्या.

टीएसआय_प्रेमी
लाखभर बाजूला ठेवायचा सल्ला बरोबर आहे, त्यावर भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडी नाकारायच्या आधी तपासा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली नको. रिव्हर्स टाका, सपाटीवर नुसता ब्रेक सोडा, धक्के किंवा थरथर येते का बघा. पहिल्यातून दुसऱ्यात हळू जाऊ द्या. मोहदरी घाटात चढावर थांबवून उचला. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) लावून क्लचचे आणि गिअरबॉक्सचे फॉल्ट कोड वाचून घ्या, नुसता डॅशबोर्डवरचा दिवा बघून चालत नाही. आणि रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) केली आहे का ते तोंडावर विचारा. डीक्यू२०० साधारण २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, स्टेज वन (रिमॅपची पहिली पायरी) मारून कोणी त्या मर्यादेजवळ नेला असेल तर मीसुद्धा ती गाडी घेणार नाही.

घाटवाट
आरएससाठीही एक तपासणी आहे. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या ७,२१३ आरएस मारुतीने २०२३ मध्ये परत बोलावल्या होत्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. तो दोष असेल तर ब्रेक पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबावं लागतं. तुमची २०१८ ची म्हणजे त्यातलीच. काम फुकट होतं. चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा आणि सर्व्हिस सेंटरमधून काम झाल्याची नोंद मागा. झालं नसेल तर करून घेतल्याशिवाय घाटात नेऊ नका.

पंचवटीकर
आरएस फार कमी विकली गेली, पार्ट कुठून आणणार? पोलोचे पार्ट पुण्यात, मुंबईत कुठेही मिळतात.

घाटवाट
बॉडी, दारं, काचा, आतला बराच भाग साध्या बलेनोचा. ते इथेच मिळतं. आरएसचा पुढचा-मागचा बंपर आणि टर्बोकडचे भाग वेगळे. १.० बूस्टरजेट २०२३ ला फ्रॉन्क्समध्ये परत आलं, पण ती पुढची आवृत्ती आहे, सगळे भाग एकमेकांना लागतील असं धरू नका. थांबावं लागेल, पण गाडी अडून राहील असं नाही.

चकचकीत
कुठलीही घ्या, सिरॅमिक कोटिंग लगेच करून घ्या. सिन्नर रोडच्या धुळीने पेंट वर्षात मरतो. अंबडमध्ये चांगलं होतं.

सागर_१५
अपडेट. दोन्ही गाड्या मेकॅनिक सोबत नेऊन बघून आलो. पोलो चालवताना मन हलतं, खरंच सांगतो, शिंद्याच्या पुढे हायवेला ती ज्या शांतपणे पळते तसं काही मी चालवलेलं नाही. पण वाहन पोर्टलवर अजून बँकेचं नाव आहे. एनओसी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणाला, पैसे मात्र रविवारीच हवेत. रिमॅपचं विचारल्यावर आधी नाही म्हणाला. मेकॅनिकने स्कॅनर काढला तेव्हा "आधीच्या मालकाने केलं होतं, मी काढलं" असं म्हणाला. ४० हजारांनंतरची सर्व्हिसची कागदं नाहीत.

बलेनोचे काका शांत माणूस. सगळी बिलं फाइलमध्ये. पंपाचं रिकॉलचं काम झाल्याची जॉबशीट दाखवली. मागचा उजवा दरवाजा रंगवलेला आहे, ते त्यांनीच आधी सांगितलं. बाबांनी कॉलनीत एक फेरी मारली, क्लच हलका वाटला म्हणाले. गर्दीत मात्र स्विफ्टच काढेन म्हणतात.

टीएसआय_प्रेमी
ही पोलो सोडा. पोलो वाईट म्हणून नाही, ही एक गाडी आणि हा विक्रेता बरोबर नाही म्हणून. बोजा न उतरलेल्या गाडीचे पैसे देऊ नका.

आरसीवाले_काका
पूर्ण सहमत. "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणाऱ्याला पैसेही पुढच्या आठवड्यातच.

पंचवटीकर
मी तरीही दुसरी पोलो शोधली असती. १.० टीएसआय मॅन्युअल, २०२० नंतरची, ११० पीएस, सहा गिअर. डीएसजीची भीतीच नाही.

गोदाकाठ
ती साडेपाच लाखांत सर्व धरून बसणार नाही, चांगल्या स्थितीतली तर नाहीच. आणि यांना महिनोन्महिने शोधायची तयारी दिसत नाही.

सागर_१५
बलेनोला टोकन दिलं, पाच लाखांत ठरली. बलेनोचे काका सोमवारी माझ्यासोबत पेठ रोडला आरटीओत येतायत. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः टीएसआय_प्रेमी, तुम्ही स्वतःच्या आवडत्या गाडीबद्दल सरळ सांगितलंत. आता टायरचं सांगा. चारही संपत आलेत, साइज १९५/५५ आर१६. सिन्नरचा रोजचा रस्ता आणि पावसाळ्यात घाट. बजेटमध्ये तीसेक हजार उरलेत, त्यातच इन्शुरन्सही आहे.

घाटवाट
अभिनंदन! चार एकदम परवडत नसतील तर दोन घ्या आणि नवीन जोडी मागे लावा, पुढे नाही. गाडी पुढून ओढते म्हणून लोक नवीन पुढे लावतात, पण ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटली तर सावरणं अवघड. आरएसला ईएसपी नाही हे लक्षात ठेवा.

चाकगती
पुढची जोडी झिजलेली ठेवून पावसात ब्रेक कसा लागणार? संपत आलेत म्हणतायत ना ते. आधी टायरच्या खाचांची खोली मोजा. १.६ मिलिमीटरवर कायद्याची मर्यादा येते, पावसासाठी ३ च्या खाली गेलेला टायर मी ठेवत नाही. चारही बदला. कोटिंग-बिटिंग पुढच्या वर्षी.