अवधाण

परभणीहून :
पायात बाभळीचा काटा मोडला की दोन-चार दिवसांनी जांघेत गाठ येते, अन् घरचे म्हणतात, 'अवधाण आलंय.' पुण्याच्या मैत्रिणीला हा शब्द ठाऊकच नाही. नेमका अर्थ काय? 'बद' म्हणजे तेच का?

लातूरहून (पॅथॉलॉजी शिकवते) :
लक्ष या अर्थाचं 'अवधान' वेगळं. सरसकट सगळ्याच गाठींना अवधाण म्हणत नाहीत. खाली पायात जखम किंवा गळू चिडलेलं असतं आणि त्यापायी वर गाठ येते, ते अवधाण. फार नेमका शब्द आहे, टिकायला हवा.

काटा रुततो तिथल्या पेशी फुटतात. आतली रसायनं सांडली की आसपासच्या पेशींना इजा कळते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, ऊब, सूज, ठणका ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवली होती. काही जंतू आणि त्यांचे तुकडे उचलून नेणाऱ्या पेशी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेतल्या ग्रंथींपर्यंत चढतात. तिथं त्या जंतूंना ओळखणाऱ्या लिम्फोसाइट पेशी भराभर वाढतात, ग्रंथीचं आवरण ताणलं जातं, म्हणून हात लावला की दुखतं.

तेव्हा गाठ शेकत बसण्याआधी तळपाय बघा, बोटांच्या बेचक्याही बघा. साखरेच्या पेशंटचे पाय बधिर झालेले असतात. त्याला काटा कळत नाही, अवधाणच आधी कळतं.

'बद' वेगळी. तो शब्द बहुतेक गुप्तरोगाच्या गाठीसाठी वापरतात.

बीडहून :
1994 साली आमच्या जिल्ह्यात मामला गावी प्लेगची साथ आली म्हणून गाजलं, तेव्हाही जांघेतल्या गाठींचीच चर्चा होती. प्लेगच्या गाठीला अवधाण म्हणता येईल?

लातूरहून :
नाही, म्हणूच नये. ती गाठ पिसू चावल्याने येते, अन् चावल्याची जागा बहुधा दिसतही नाही. प्लेगचे जंतू ग्रंथीतच वाढतात, तिथल्या पेशी मरतात, आत रक्तस्राव होतो. अवधाणात ग्रंथीच्या पेशी वाढतात, इथं त्या मरतात. सोबत एकाएकी सडकून ताप अन् हुडहुडी. असा माणूस तासभरही घरी ठेवू नका.

परभणीहून :
आणि काटा निघाला, जखम भरली, तरी गाठ तशीच राहिली तर?

लातूरहून :
अवधाण हळूहळू ओसरतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, वाढत असेल, किंवा टणक असून दुखत नसेल, तर तिला अवधाण म्हणणं सोडा आणि सुईची तपासणी (सुईने गाठीतल्या पेशी काढून बघणं) करून घ्या. टीबी किंवा कॅन्सरची गाठही तशीच लागते हाताला.