रिस्पाचं धैर्य विश्वासाचं, की नुसत्या आईच्या मायेचं?

नगरची_लेक
रविवारी आमच्या महिला संघात बायबलमधल्या धाडसी स्त्रिया असा विषय होता, नेहमीप्रमाणे एस्तेर, रूथ, दबोरा झाल्या. मी शौल राजाची उपपत्नी रिस्पा हिचं नाव काढलं तर निम्म्या जणींना ती कोण तेच माहीत नाही, आणि जिला माहीत होतं ती म्हणाली ती कसली विश्वासाची बाई, दुःखाने वेडी झालेली आई ती. मला अजिबात पटलं नाही.

बायबलमधलं 2 शमुवेल, अध्याय 21 काढा. दावीदच्या राज्यात सलग 3 वर्षं दुष्काळ, कारण दावीदच्या आधीचा राजा शौल याने इस्राएलात राहणाऱ्या गिबोनी लोकांना मारलेलं, यहोशवाच्या काळात इस्राएलने त्यांना मारणार नाही अशी शपथ दिलेली असताना. ते म्हणाले सोनंरुपं नको, शौलाच्या घरातले 7 पुरुष द्या. दावीदने दिले. त्यात रिस्पाचे 2 मुलगे आणि शौलाच्या लेकीचे 5. डोंगरावर फाशी दिली आणि प्रेतं तशीच उघड्यावर. सातूची कापणी नुकती लागलेली. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिली, दिवसा पाखरं हाकायची आणि रात्री जनावरं. तिकडे सातू साधारण एप्रिलमध्ये कापतात आणि पावसाळा ऑक्टोबरला लागतो, मधे अवकाळी आला असं धरलं तरी किती रात्री गेल्या असतील! आणि राखण सातही जणांची. नुसती आईची माया म्हणता, मग उरलेले 5 तिचे कोण होते?

शास्त्रवाचक
ताई, हिंमत मान्य, पण विश्वास हा शब्द जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायात विश्वासाच्या लोकांत नाव घेऊन दोनच स्त्रिया आहेत, सारा आणि राहाब. राहाबने इस्राएली हेरांसमोर तोंडाने कबूल केलं की तुमचा देव तोच खरा देव. मूल नाही म्हणून हन्ना रडली, पण परमेश्वरापुढे जाऊन रडली. रिस्पाचा अख्ख्या शास्त्रात एक शब्द नाही, प्रार्थना नाही, नवस नाही. आपणच तिच्या तोंडी प्रार्थना घालतोय.

नगरची_लेक
दादा, एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी तिला आपण विश्वासाची म्हणतोच ना? 3 दिवसांचा उपास केला म्हणून, म्हणजे कृतीवरूनच ओळखलं. आणि मोशेच्या नियमशास्त्रातलं अनुवाद हे पुस्तक, अध्याय 21 बघा, टांगलेलं प्रेत रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं अशी आज्ञा आहे. ती आज्ञा राजाला आठवली नाही. ही बाई मात्र प्रेतांची विटंबना होऊ देत नव्हती, एकटी.

वसईचा_वारा
मला वेगळाच त्रास होतो. शौलाची उपपत्नी ती, तो गेल्यावर तिच्यावरून त्याचा मुलगा ईशबोशेथ आणि सेनापती अबनेर भांडले, तिला कोणी काही विचारलं नाही, मग मुलं नेली तेव्हाही विचारलं नाही. आणि आपण काय करतो, ती कशी सोसत बसली याचं कौतुक. आमच्याकडे बायकांना लहानपणापासून हेच शिकवतात, सोस म्हणजे देव बघेल. त्यापेक्षा याएल सांगा मुलींना, शत्रूचा सेनापती सीसरा याला तंबूच्या मेखेने संपवणारी.

केडगाव_लोकल
सोसणारी घरात बसते हो, ही डोंगरावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसली. दावीदला कळलं तेव्हा त्याने याबेश-गिलादहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांची हाडं आणवली, या सातांचीही गोळा करवली, आणि शौल-योनाथानला बन्यामीनाच्या प्रदेशात शौलाचा बाप कीश याच्या कबरेत पुरलं. राजाला हलवलं तिने. वचन 14 म्हणतं, त्यानंतर देवाने देशासाठीची विनंती ऐकली. पुरल्यानंतर, फाशीनंतर नाही!
हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल केलं, आणि 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही, पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये स्वतः गेल्या. रिस्पाचा हा अध्यायही त्यांच्याच हाताखालून गेलाय.

शास्त्रवाचक
रमाबाईंबद्दल दुमत नाही. पण क्रम नीट बघा, पाऊस वचन 10 मध्येच पडलाय, पुरण्याच्या आधी. मग पुरल्यावरच देवाने ऐकलं असं ठाम कसं म्हणता?

नगरची_लेक
हे बरोबर आहे, पाऊस आधीच आहे, यावर मला अजून विचार करायला हवा. पण फाशी द्या असं देवाने सांगितल्याचं त्या अध्यायात कुठेच नाही, दावीदने विचारलं ते गिबोन्यांना. आणि वसईकर, तुमचं म्हणणं मला लागलं. तिला सोसणारी म्हणून नाही सांगायचं मला. माझा भाऊ गेला तेव्हा आई शवागाराबाहेरच्या लाकडी बाकावरून रात्रभर उठली नाही, चहाही घेतला नाही, सगळे म्हणत होते घरी चला. तोंडाने प्रार्थना तिनेही केली नाही. तिचा विश्वास गेला होता असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

वसईचा_वारा
हे वाचून थांबलो थोडा. आईंना सलाम सांगा. तरी मुलं देणाऱ्या राजाला मात्र गोष्टीतून सोडू नका.

नगरची_लेक
नाही सोडणार. पुढच्या महिन्यात संघात 10 मिनिटं मागून घेतलीत, वचन 8 ते 14 मोठ्याने वाचणार आहे.

शास्त्रवाचक
वाचा, पण 1 पासून वाचा. शपथ कोणी मोडली तेही बायकांना कळू दे.