दुसरा पाइप टाकला आणि बेस बिघडला: पोर्ट हवाच कशाला?

गुहागरकर:
चतुर्थीच्या भजनासाठी १२ इंची वूफरची (खालच्या सुरांच्या स्पीकरची) पेटी करून घेतली. आतली जागा ६० लिटर, हवा आत-बाहेर जाण्याचा पाइप (पोर्ट) एकच, आतून १० सेमी व्यासाचा आणि ३१ सेमी लांब. म्हणजे ट्यूनिंग, पाइपातली हवा ज्या सुराला घुमते तो आकडा, ३२ हर्ट्झच्या आसपास. आवाज चढवला की पाइपातून फुसफुस यायची, म्हणून पेटी करणाऱ्याने शेजारी तसाच दुसरा पाइप बसवला. फुसफुस थांबली, पण पखवाजाची प्रत्येक थाप एकाच सुरात घुमायला लागली.

पाइपातली हवा हे वजन आणि पेटीतली हवा ही स्प्रिंग. तोंड दुप्पट करून लांबी तीच ठेवली की ट्यूनिंग वर सरकतं. माझं ३२ वरून ४५ वर गेलं. दोन पाइप ठेवून ३२ च हवं असेल, तर प्रत्येक पाइप साधारण ६९ सेमी हवा. माझं ठाम मत आहे की दुकानात जो पाइप पडलाय त्यावरून पोर्ट ठरवणं बंद झालं पाहिजे.

कुडाळकर:
ह्या माका पटाक नाय. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण ६९ सेमीचे दोन पाइप पेटीत मावणार कसे? नुसते पाइपच १३ लिटर जागा खातील. ती जागा गेली की ट्यूनिंग परत बदललं! त्यापेक्षा बिनपोर्टची बंद पेटीच करा. बंद पेटीचा बेस खाली हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबल. पोर्टवाल्या पेटीचा ट्यूनिंगखाली २४ डेसिबलने कोसळतो. शिवाय तिथे कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवरणारं काही उरत नाही, तो नुसता फडफडतो. पखवाजाला सुटी, नेमकी थाप हवी. ती बंद पेटीच देते.

गुहागरकर:
दादा, जागेचा मुद्दा मान्य. पण बंद पेटीला खालच्या सुरात खोलीची साथ लागते, दारं-खिडक्या बंद असलेल्या लहान खोलीत ती मिळते. आमच्याकडे पडवी उघडी, माजघराची दारं सताड, वर कौलं. आवाज सगळा अंगणात जातो. तिथे ३५-४० हर्ट्झला पोर्टच कामाला येतो. ट्यूनिंगच्या सुराला बहुतेक आवाज पोर्ट देतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून कोनवरचा ताण कमी.

जांभ्याचं घर:
मग पाइप सोडा, फळीचा सपाट पोर्ट करा. तीस बाय अडीच सेमीची फट, पेटीच्या भिंतीलाच लागून. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो.

देवगडवाला:
एक मिनिट. १० सेमीच्या गोल पाइपाचं तोंड ७८ चौरस सेमी, तुमच्या फटीचं ७५. पण फटीचा घेर ६५ सेमी आणि पाइपाचा ३१. हवा दुप्पट भिंत घासत जाणार. दुसरं, भिंतीला लागून असलेला पोर्ट मोजल्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो, म्हणून ट्यूनिंग कागदापेक्षा खाली येतं. आणि आपल्या पावसाळ्यात एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) फुगलं की अडीच सेमीची फट अडीच राहत नाही. मरीन प्लाय घेणार असाल तरच या वाटेला जा.

गुहागरकर, दुसरा पाइप काढा आणि भोक घट्ट बंद करा. पहिल्याची दोन्ही टोकं कर्ण्यासारखी पसरट करून घ्या. फुसफुस बऱ्याचदा धारदार कडेवरच होते. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असा ढोबळ अंदाज धरतात. आतलं टोक मागच्या फळीपासून निदान १० सेमी दूर हवं. आणि पेटी पडवीत राहत असेल तर तोंडात बॅटरी मारून बघा. माझ्या पाइपात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, आणि मी महिनाभर अँप्लिफायरला दोष देत होतो.

कुडाळकर:
पसरट टोकं केली की लांबी परत मोजावी लागेल, तेवढं लक्षात ठेवा. मी बंद पेटीवरच ठाम आहे. पण तपासायचंच असेल तर मोबाइलवर २५ ते ५० हर्ट्झचे सूर हळू आवाजात एकेक करून लावा आणि कोनच्या कडेला बोट टेकवा. कोन जिथे सगळ्यात कमी हलेल तेच तुमचं खरं ट्यूनिंग.

गुहागरकर:
आत्ताच केलं. सगळ्यात कमी ४५ ला हलतोय. रविवारी सुतार येतोय, एक पाइप काढल्यावर पुन्हा बोट लावून आकडा इथेच टाकतो.