मदत हवी आहे: समुद्रकाठची सफर, दहा वर्षांची लेक आणि टेकड्यांवर रेडिओ

नमस्कार मंडळी,

सुट्टीत मी आणि माझी लेक, दोघीच, गाडीने समुद्राच्या कडेकडेने जाणार आहोत. वाटेत 'सोटा'च्या यादीतल्या टेकड्या आहेत, त्यांतल्या काहींवर चढून रेडिओ लावायचा बेत आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही. मुलांना घेऊन हे केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सोटा म्हणजे 'समिट्स ऑन द एअर'. २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला उपक्रम. यादीतल्या शिखरावर सामान स्वतः वाहून न्यायचं आणि बॅटरीवर रेडिओ चालवायचा. गाडीतून केलेला संपर्क धरत नाहीत, इंधनावरचा जनरेटर चालत नाही, रिपीटरमार्फत, म्हणजे संकेत पुढे पाठवणाऱ्या मधल्या केंद्रातून, झालेलं बोलणंही मोजत नाहीत. गुण मिळायला चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क व्हावा लागतो.

माझं अडतं ते या चारांवर. २ मीटर तरंगलांबीच्या बँडवरची ५ वॉटची हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट, घेतली तर पाठीवर ओझं नाही आणि पाच मिनिटांत सुरुवात. २२५ मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज, म्हणजे संकेत थेट पोचण्याची हद्द, साधारण ६२ किलोमीटरवर जातं. पण किनाऱ्यावर त्यातलं निम्मं वर्तुळ पाण्यावर पडतं, तिथे उत्तर द्यायला कोण असणार? एचएफवर (लघुलहरींवर), म्हणजे २० किंवा ४० मीटर बँडवर, दूरची माणसं मिळतात. मात्र मग १० वॉटचा सेट, बॅटरी, खांब, दहा ते वीस मीटरची तार, ती ताणायला जागा, आणि एवढं होईपर्यंत लेकीचा धीर टिकायला हवा.

दुसरा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. तिला स्वतः बोलायचं आहे. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या ती 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' करत वाचते, इतकी तयारी झाली आहे. पण टेकडीवरून पुकारा केला की चेसर, म्हणजे शिखरांवरच्यांशी संपर्क साधून गुण जमवणारे, एकदम गर्दी करतात. कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव), 'फाइव्ह नाइन' हा संकेत किती स्पष्ट आला त्याचा रिपोर्ट, धन्यवाद, संपलं. नियमाने तो पुरा संपर्क आहे आणि मलाही त्यात आनंद मिळतो. तिला मात्र कुणीतरी 'तू कुठे आहेस, तिथून काय दिसतंय' असं विचारायला हवं आहे. हे कसं जुळवता? रोज एक टेकडी करावी की एक दिवसाआड? गुण बुडाले तरी चालतील, तिचा उत्साह मावळायला नको.

प्रतिसाद १

ताई, आधी परवान्याचं बघा. विनापरवाना व्यक्तीला तुमच्या देखरेखीखाली माइकवर बोलू देणं काही देशांत चालतं, काही ठिकाणी अटी आहेत. तुमच्या नियमावलीत ते स्पष्ट वाचून घ्या. चालत असेल तरी सेटजवळ तुम्हीच बसायचं आणि कॉलसाइन तुमचाच.

हँडी फारच कमी लेखताय. ६२ किलोमीटर हे फक्त तुमच्या बाजूचं क्षितिज. समोरचाही उंचावर असेल तर त्याचं अंतर त्यात मिळवायचं. शिवाय किनारा वळलेला असला की पाण्यापलीकडची टोकं थेट समोर येतात, मध्ये डोंगर नाही, इमारती नाहीत. थंड पाण्यावर उबदार कोरडी हवा येऊन बसते तेव्हा २ मीटरचे संकेत शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. फक्त माथा खूप उंच असेल तर तुम्ही त्या थराच्या वर निघता आणि फायदा हुकतो, म्हणून बुटक्या टेकड्या वगळू नका. हँडीची रबरी अँटेना काढून अर्ध्या मीटरची पाव-तरंग (तरंगलांबीच्या पाव लांबीची) सळी लावा, फरक लगेच कळेल.

लेकीच्या गप्पांसाठी मी टेकडी निवडणारच नाही. संध्याकाळी पुळणीवर, पाण्याच्या अगदी जवळ, २० मीटर बँडची उभी अँटेना लावा. खाऱ्या पाण्याची वाहकता साध्या जमिनीच्या हजारपटीच्या आसपास असते, त्यामुळे क्षितिजालगत जाणारे संकेत जोरदार निघतात. पाण्यापासून मागे सरकलात की हा लाभ झपाट्याने घटतो. सोटाचे गुण तिथे नाहीत, पण मागे चेसरांची रांगही नाही. निवांत बोलणारे असतात, लहान आवाज ऐकला की ते थांबतात. टेकडीवर तिला लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, लिहू द्या: वेळ, कॉलसाइन, दोन्ही रिपोर्ट. ते काम खरंच लागतं, आणि तिला ते कळतं.

प्रतिसाद २

दोन गोष्टी सुरक्षेच्या. टोकाला ट्रान्सफॉर्मरमार्फत सेट जोडलेली अर्ध-तरंग (तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची) तार वापरणार असाल तर १० वॉटवरसुद्धा ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला दीडशेच्या घरात व्होल्ट असतात, बोट भाजू शकतं. तारेची दोन्ही टोकं मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधा. आणि गडगडाट ऐकू आला की चार संपर्क झालेले असोत वा नसोत, खांब उतरवून खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत चढू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पुळणीची कल्पना मला सुचलीच नव्हती आणि ती ऐकून लेक आत्तापासून भरती-ओहोटीच्या वेळा बघत बसली आहे. आता एक दिवस टेकडी, हँडी आणि लॉग तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी चढ नाही, संध्याकाळी पाण्याकाठी उभी अँटेना, असं ठरवतेय. कोणत्या टेकडीवर कधी असू याची सूचना सोटावॉच या सोटाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्रीच टाकेन, कारण वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

अजून एक विचारायचं आहे. वाळूत खांब उभा कसा करता? दगड नाहीत, झाड नाही आणि वारा समुद्राकडून. नुसत्या खुंट्या वाळूत टिकतील असं वाटत नाही. वाळूने भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना ताणाच्या दोऱ्या बांधल्या तर पाच-सहा मीटरचा खांब धरेल का? कुणी करून पाहिलं असेल तर पिशवीचा आकार आणि पुरायची खोली जरूर लिहा.