उभ्याने खाल्लं तर शिष्टाचार, बसून खाल्लं तर भ्रष्टाचार?

तिरकस: जॅक अब्रामॉफ या अमेरिकन लॉबिस्टने (म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या वतीने खासदारांना गळ घालणाऱ्याने) स्कॉटलंडच्या गोल्फ सहली आणि स्वतःच्या रेस्टॉरंटातल्या पंगती यांच्या जोरावर खासदार खिशात घातले. २००६ साली त्याने गुन्हा कबूल केला, २००७ मध्ये नियम कडक झाले. आता लॉबिस्टने खासदाराला जेवू घालायचं नाही. समारंभात मात्र ‘जेवण म्हणता येणार नाही’ असं किरकोळ खाणं चालतं. तिथले लोक थट्टेने याला टूथपिकचा नियम म्हणतात. काडीला टोचून उभ्याने खा, खुर्ची ओढून काटा-चमचा उचललात की संपलं! एवढी बारीक तोळामासा मोजणी सोनाराकडेही होत नाही. निव्वळ सोंग आहे हे.

शहाणे_काका: हसा खुशाल. पण पंगतीला बसलेला माणूस दोन तास तावडीत सापडतो. उभ्याने कोळंबी खाणारा कधीही सटकू शकतो. नियम अन्नाचा नाही, वेळेचा आहे.

तिरकस: काका, तोच लॉबिस्ट निवडणूक निधीच्या जेवणाला चेक घेऊन येतो, तिथे साहेब बसूनच जेवतात. तेही कायदेशीर!

खमंग: अब्रामॉफची गोष्ट अर्धीच सांगितलीत. सुटल्यावर गडी नीतिमत्तेवर व्याख्यानं द्यायला लागला. आणि २०२० मध्ये नोंदणी न करता लॉबिंग केल्याबद्दल पुन्हा दोषी! तेही त्याच्याच प्रतापांमुळे कडक झालेल्या कायद्याखाली.

शहाणे_काका: बघा, म्हणजे कायद्याला दात आहेत.

तिरकस: म्हणून तर टूथपिक लागते.

गोदाकाठ: विनोद झाला असेल तर आपल्याकडे वळू या. वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर अडीच कोटी डॉलर खर्च केले, त्यात भारतीय बाजारात शिरकाव हाही विषय होता. हे २०१२ मध्ये आपल्याला कळलं कुठून? अमेरिकन सिनेटला त्यांनीच दिलेल्या विवरणपत्रातून. आपल्या संसदेत गदारोळ झाला, चौकशी नेमली. लॉबिंग उघड करायला लावणारं खासगी विधेयक २०१३ मध्ये खासदार कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत मांडलं, त्याचा कायदा काही झाला नाही. मी काकांच्या बाजूने. सोंग तर सोंग, निदान कागद तरी सापडतो.

तिरकस: आणि नोंदणी करणार कोणाची? आपल्याकडे लॉबिस्ट नसतोच हो, ‘साहेबांच्या ओळखीतले’ असतात.

गोदाकाठ: त्या ओळखीतल्यांचीच. कोणासाठी आलात, कोणाला भेटलात, किती घेतले, एवढे तीन रकाने भरून घ्या. सही मराठीत केली तरी चालेल.